इन्फ्रारेड फिल्म : डेव्हलपिंगचा वेळ आणि काँट्रास्ट

प्रश्न : ऑक्टोबरात भर उन्हात दौलताबादच्या किल्ल्यावर इल्फर्ड एसएफएक्स २०० फिल्मवर, ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून छायाचित्रे घेतली. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये पाणी न मिसळता, २० अंश सेल्सिअसला १० मिनिटे हा छापील वेळ पाळला. तरी निगेटिव्हवर पाने गच्च काळी आणि तटाखालच्या सावल्या कोऱ्या आल्या. वेळ कमी करावा का? उन्हाळ्यात आमच्या नळाचे पाणी ३० अंशांवर जाते, तेव्हा काय करावे?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : वेळ अवश्य कमी करावा, पण केवळ तेवढ्याने सावल्या भरणार नाहीत, कारण निगेटिव्हचा जो भाग कोरा आहे तिथे प्रकाशच पोहोचलेला नाही. उघड्या आकाशाखालच्या सावलीला उजेड मिळतो तो मुख्यतः निळ्या आकाशाचा, आणि त्यात इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडचे डोळ्यांना न दिसणारे किरण, फारच थोडे असतात. उलट पावसाळ्यानंतरची कोवळी, हिरवी पाने हे किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. काळ्या बेसॉल्टचा तट आणि त्याला लागून हिरवळ, असे दृश्य म्हणूनच मुळातच तीव्र काँट्रास्टचे असते. त्यातच ही फिल्म साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंतच संवेदनशील असल्याने आपल्या फिल्टरमधून तिच्या उपयोगाचा अगदी अरुंद पट्टाच आत येतो. उन्हात तिची गती २०० ऐवजी ६ ते १२ आयएसओ धरावी, म्हणजे एक्स्पोजर तेवढे वाढेल, आणि मीटर इन्फ्रारेड मोजत नसल्याने प्रत्येक दृश्याच्या एकेक स्टॉप कमी-अधिक (म्हणजे निम्म्या आणि दुप्पट प्रकाशाच्या) अशा आणखी दोन फ्रेम घ्याव्यात.

एक्स्पोजर असे वाढवल्यावर डेव्हलपिंग पंधरा ते वीस टक्क्यांनी कमी करावे. सावल्यांची घनता लवकर पूर्ण होते आणि उजळ भागांची मात्र वाढतच राहते, त्यामुळे वेळेतील कपात मुख्यतः पानांवर परिणाम करते. ढगाळ दिवशी घेतलेल्या रोलला ही कपात करू नये. तिथे छापील वेळ किंवा त्याहून थोडा अधिक वेळच योग्य ठरतो. एकाच रोलवर ऊन आणि ढग दोन्ही असतील, तर मी उन्हाच्या बाजूने निर्णय घेईन, कारण किंचित फिकी निगेटिव्ह ३ ग्रेडच्या, म्हणजे थोड्या अधिक काँट्रास्टच्या, कागदावर सावरता येते, गच्च झालेले उजळ भाग मात्र छापताना फार त्रास देतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात २० अंशांचा हट्ट धरण्यापेक्षा २४ अंश ठरवून काम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिथे १० मिनिटांची सुमारे ७ होतात आणि कपातीनंतर साडेपाचच उरतात. इतक्या थोड्या वेळात डेव्हलपिंग असमान होण्याचा धोका असतो. त्यामुळे आयडी-११ मध्ये समभाग पाणी मिसळावे. या प्रमाणासाठी २० अंशांना १७ मिनिटे लागतात, म्हणजे २४ अंशांना सुमारे १२, आणि कपात करून साडेनऊ. टँक दर मिनिटाच्या आरंभी दहा सेकंदच हलवावा, कारण जास्त हलवल्यानेही काँट्रास्ट वाढतो. डेव्हलपर, फिक्सर आणि शेवटचे धुण्याचे पाणी एकाच परातीत बर्फाच्या पाण्यात ठेवून एकाच तापमानाला आणावे. गार द्रावणातून फिल्म थेट नळाच्या गरम पाण्यात गेली, तर तिच्या थरावर जाळीदार सुरकुत्या पडू शकतात.