उपसंपादकाचं काम शुद्धलेखनापुरतंच असतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बातमीदार व्हायचं होतं, मिळाली डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून छपाईला तयार करणाऱ्या विभागात, उपसंपादकाची जागा. मित्र म्हणतात, शुद्धलेखन आणि भाषांतर आता संगणकच करतो, मग या नोकरीत राहिलं काय? मी एकवीस वर्षं डेस्कवर आहे, त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली. नोकरी घ्या, असंच सांगेन. फक्त या कामाचं जे चित्र तुमच्यासमोर उभं केलं गेलंय, ते आधी बाजूला ठेवा.

शुद्धलेखन हा यातला सगळ्यात लहान भाग. बातमीदार घटनास्थळी जाऊन आलेला असतो, त्याला सगळं ठाऊक असतं, आणि म्हणूनच काय लिहायचं राहिलं ते त्याला दिसत नाही. तुम्ही तिथे नव्हतात. तुमच्यापुढे फक्त कॉपी, म्हणजे बातमीचा लिहून आलेला मजकूर आहे, जशी उद्या वाचकापुढे असेल. वाचकाला पडणारा प्रश्न छापण्याआधी विचारणारा तुमच्यानंतर बहुधा कोणी नसतो.

एक प्रसंग सांगते. रात्री उशिरा अपघाताची कॉपी आली. इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदात, ‘पाच ठार’, आणि खाली वयांसकट नावं सहा. मला नावं बोटांनी मोजायची सवय आहे, माझ्या पहिल्या मुख्य उपसंपादकांनी लावलेली. बातमीदाराला फोन केला. सहावा माणूस जिवंत होता, अतिदक्षता विभागात. त्याच्या नावाआधीचे ‘गंभीर जखमी’ हे दोन शब्द कॉपी पाठवताना गळले होते. वाक्य व्याकरणाला धरून होतं, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ते तसंच गेलं असतं तर त्याच्या नातेवाइकांनी सकाळी त्याचं नाव मृतांमध्ये वाचलं असतं.

म्हणून बेरजा करा. मृतांत स्त्रिया किती, पुरुष किती, मुलं किती, ती बेरीज इंट्रोशी जुळते का? निवडणुकीच्या बातमीत मतांची वजाबाकी बरोबर आहे का? तारीख आणि वार जुळतात का? परदेशी एजन्सीच्या कॉपीतल्या बिलियनचे १०० कोटी आणि ट्रिलियनचे १ लाख कोटी होतात. घाईत एखादं शून्य हमखास सांडतं. व्याजदर ६ टक्क्यांवरून ८ वर गेला तर फरक २ चा असतो, पण मूळ दराच्या तुलनेत वाढ ३३ टक्क्यांची. कॉपीत यातलं काय म्हणायचंय, ते पाहावं लागतं.

भाषांतराचंही तेच. हिंदी कॉपीतलं ‘संशोधन’ मराठीत ‘दुरुस्ती’ व्हायला हवं. विधेयकात कोणी संशोधन करत नसतं. ‘खुलासा’ त्याहून घातक. हिंदीत तो गौप्यस्फोट, मराठीत स्पष्टीकरण. मंत्र्याने गुपित फोडलं की आपली बाजू मांडली, एवढा फरक त्या एका शब्दात पडतो. इंग्रजीतल्या ‘सँक्शन’चे तर मंजुरी आणि निर्बंध असे दोन उलटे अर्थ होतात. शब्दकोशात दोन्ही सापडतील, पण त्या बातमीत कोणता, हे संदर्भ वाचूनच कळतं.

आता माझ्या हातून झालेली चूक, कारण ती तुम्हाला उपयोगी पडेल. बातमीत महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली, हा उलट्या पिरॅमिडचा नियम तुम्ही शिकला असालच. जागा कमी पडली की शेवटून कापायचं, हा त्याचाच फायदा. तीनेक वर्षं काम केल्यावर मला वाटायला लागलं होतं, की कापणं आपल्याला जमतं. एका माणसावरच्या गैरव्यवहाराच्या आरोपांची बातमी होती, आठ ओळी जास्त, पान छपाईला सुटायला दहा मिनिटं. मी शेवटचा परिच्छेद उडवला. त्या माणसाचं म्हणणं त्याच परिच्छेदात होतं. बातमीदाराने त्याला गाठून, त्याची बाजू घेऊन ती इमानदारीने लिहिली होती, आणि आम्ही छापली ती एकतर्फी बातमी. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो चिडला नव्हता. “मी तुमच्या माणसाशी अर्धा तास बोललो होतो,” एवढंच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याची बाजू छापली, पण आतल्या पानावर, छोट्याशा चौकटीत. ती किती जणांनी वाचली असेल? तेव्हापासून आरोपाची बातमी असली की संबंधिताचं म्हणणं मी आधी दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात उचलून आणते, आणि मगच कात्री लावते.

मथळ्याबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेकांच्या नजरेला तेवढाच पडतो. ‘पतीने केला पत्नीचा खून’ हा मथळा दोन कॉलमात झकास बसतो. पण पोलिसांनी नुकती अटक केली असेल, तर ‘खुनाच्या आरोपावरून पतीला अटक’ एवढंच आपल्याला माहीत असतं. हा मथळा लांबतो, ओळ तुटते, पान लावणारा वैतागतो. अशा वेळी टाइप लहान करा, कॉलम वाढवून मागा, दुसरे शब्द शोधा, पण अटकेतल्या माणसाला मथळ्यात दोषी ठरवू नका. ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ या तीन पायऱ्या आहेत. मथळा नेहमी पूर्ण बातमी वाचून करा, नुसत्या इंट्रोवर नको.

बातमीत काय नाही, हेही वाचावं लागतं. एप्रिल १९१२मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा वायरलेस संदेशांच्या गोंधळातून ‘सगळे सुखरूप’ अशी बातमी पसरली आणि काही वृत्तपत्रांनी ती मथळ्यात छापली. प्रत्यक्षात सुमारे १,५०० माणसं गेली होती. न्यूयॉर्क टाइम्सचे व्यवस्थापकीय संपादक कार व्हॅन अँडा यांच्याकडेही तुटपुंजेच संदेश आले होते. जहाजाचा शेवटचा अस्पष्ट संदेश रात्री १२ वाजून २७ मिनिटांचा, आणि त्यानंतर काहीच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. एवढ्या मोठ्या जहाजाचा वायरलेस गप्प का झाला असेल, याचा विचार करून, जहाज बुडालं असणार हे ताडून त्यांनी बातमीची दिशा ठरवली. हाती तार घेऊन डेस्कवर बसलेल्या माणसाने केलेलं हे काम आहे. मी नव्या मुलांना हा किस्सा नेहमी सांगते.

संगणकाचं म्हणाल तर आम्हीही तो वापरतो आणि त्याने वेळ वाचतो. पण त्यामुळे आमचं काम एका बाजूने अवघड झालंय, हे फारसं कोणी बोलत नाही. पूर्वी कच्ची कॉपी कच्चीच दिसायची. अडखळत लिहिलेलं वाक्य दिसलं की नजर आपोआप थांबायची. यंत्राने घोटून गुळगुळीत केलेल्या वाक्यावरून नजर घसरते, आणि चुकीचा आकडाही तितक्याच सफाईने पुढे जातो. यंत्राचं भाषांतर मी मूळ कॉपी शेजारी ठेवूनच तपासते, नावं आणि आकडे आधी, भाषा नंतर. वेबसाइटवरची चूक गुपचूप बदलता येते, हा आणखी एक मोह. आकडा किंवा नाव बदललं असेल तर खाली तशी नोंद टाकाच. ज्याने सकाळी चुकीचं वाचलं, त्याला ते कळायला हवं.

बायलाइन, म्हणजे बातमीवर स्वतःचं नाव, मिळणार नाही, हे खरं आहे. बातमीदाराच्या नावाने छापलेल्या बातमीत तुमची निम्मी मेहनत असेल आणि ते कोणालाच दिसणार नाही. मला सुरुवातीला याचा त्रास व्हायचा, आता होत नाही. तुम्हाला झाला तर त्यात गैर काही नाही. बातमीदारी करायची इच्छा असेल तर ती सोडूही नका. डेस्कवर दोन वर्षं काढून फील्डवर गेलेल्यांची कॉपी मी पाहते, त्यात नावं आणि बेरजा क्वचितच चुकलेल्या असतात.

सुरुवातीला रात्री साडेअकराला बातमीदाराला फोन करायचा संकोच वाटेल. तरी करा. आपल्या अंदाजाने एकही तपशील घालू नका, आणि शंका राहिली तर ते वाक्य काढा. रुजू झालात की पाळी कोणती मिळाली ते कळवा. रात्रपाळी असेल तर आवृत्त्यांच्या वेळा आणि पान सोडायच्या आधीच्या अर्ध्या तासाबद्दल स्वतंत्र लिहीन.