‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा गेम पीएस ४ (प्लेस्टेशन ४) वर घ्यावा का? कोणी म्हणतं मालिकेतला सर्वांत भारी, कोणी म्हणतं पैसे वाया. आणि भारतातला गेम म्हणून आपल्याला तो कसा वाटतो?

घ्या. जुनी डिस्क बऱ्या भावात मिळत असेल तर फार विचारही करू नका.

आता मतांचं. भारी म्हणणारे आणि वैतागलेले, दोघंही खरंच बोलतायत. फरक आहे तो कोण काय आशेने खेळायला बसला आणि त्याने खिशातून किती काढले याचा. नॉटी डॉग या कंपनीने २०१६ मध्ये ‘अनचार्टेड ४’ काढून मालिकेचा नायक नेथन ड्रेक याची गोष्ट संपवली. ‘लॉस्ट लेगसी’ सुरुवातीला त्याच गेमची पुरवणी म्हणून ठरला होता. काम वाढत गेलं आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आला. अमेरिकेत किंमत ४० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या नव्या कोऱ्या गेमपेक्षा २० डॉलर कमी. पण ज्यांनी चौथ्या भागाची महागडी आवृत्ती आधीच घेतली होती त्यांना हा त्यातच मिळाला. आता बघा, ज्याला वेगळे पैसे न मोजता मिळाला तो म्हणणार, ‘पुरवणीच्या नावाखाली अख्खा गेम दिला की राव!’ आणि ज्याने दुकानात जाऊन नव्या डिस्कचे पैसे मोजले तो म्हणणार, ‘सात-आठ तासांत संपला, हा काय गेम झाला?’ समीक्षकांचं म्हणाल तर त्यांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर चौथ्या भागाला ९३ आणि याला ८४ आहेत. तो नऊ गुणांचा फरकही बहुतेक ‘हे सगळं आधी पाहिलंय’ या एकाच तक्रारीतून आलाय असं मला वाटतं.

लांबीबद्दलची कुरकुर मला मुळीच पटत नाही. चौथ्या भागात मधे मधे कड्यावर चढा, घसरा, पेटी ढकलत आणा, तिच्यावरून उडी मारा हे इतकं चालतं की गोष्ट कुठवर आली होती तेच विसरायला होतं. इथे तसं होत नाही. शनिवारी रात्री बसलात तर रविवारी संध्याकाळपर्यंत आरामात संपतो, आणि मधे कुठे पाणी घातल्यासारखा वाटत नाही. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. शंभर तासांचे गेम घेऊन दहा तासांवर सोडून दिलेल्यांची आपल्याकडे कमी नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. नायिका क्लोई फ्रेझर, जुन्या वस्तूंच्या मागे फिरणारी, सरळसरळ चोर म्हटलं तरी ती रागावणार नाही. २००९ च्या दुसऱ्या भागापासून ती मालिकेत आहे. सोबत नादीन रॉस, दक्षिण आफ्रिकेची, चौथ्या भागात भाडोत्री सैनिकांची कंपनी चालवणारी आणि नेथन ड्रेकला चांगलं बुकलून काढणारी. ती कंपनी आता तिच्या हातातून गेलीय. दोघी पश्चिम घाटात होयसळ राजांचा ठेवा शोधतायत, गणपतीचा तुटलेला सुळा. त्यांच्या पुढे मागे आसाव नावाचा बंडखोर नेता, त्याला तोच सुळा हवाय आणि देशात यादवी पेटवायचीय.

खेळाडूंमध्ये सगळ्यात जास्त वाद चौथ्या प्रकरणावर होतो. त्याचं नावच ‘द वेस्टर्न घाट्स’. चौथ्या भागात मादागास्करमध्ये जीप घेऊन मोकळं हिंडायची एक जागा होती, तीच कल्पना इथे कितीतरी वाढवलीय. पाणी, चिखल, धबधबे, मोडके बुरूज असा मोठा पसारा आणि मधे एक मनोरा. मनोऱ्यावर चढलं की कुठे कुठे जायचं ते दिसतं, आणि कोणत्या क्रमाने जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तो छोटा गोल नकाशा नाही, बाण नाहीत, ‘इथे जा’ म्हणून चमकणारे ठिपके नाहीत. बटण दाबलं की क्लोई हातात कागदी नकाशा धरते आणि पाहिलेल्या जागांवर तिने पेन्सिलीने केलेल्या खुणा दिसतात. बस. मग जीप थांबवायची, नकाशा बघायचा, समोरचा कडा बघायचा, परत नकाशा बघायचा. मला या एका गोष्टीसाठी हे प्रकरण मालिकेतलं सर्वांत आवडतं आहे.

ज्यांना ते आवडत नाही त्यांचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या जागेत करायला आहे काय? इकडून तिकडे जीप हाका, चार शिपायांचा तळ साफ करा, पुन्हा जीप हाका. यात तथ्य नाही असं नाही. तिथे एक ऐच्छिक शोध आहे, होयसळ नाणी गोळा करायचा, एकूण ११. ती मिळाली की राणीचं माणिक हाती लागतं, आणि मग खजिन्याच्या जवळ गेल्यावर ते तुम्हाला इशारा देतं. हा शोध केला तर ते सगळं रान जिवंत होतं, कारण प्रत्येक नाण्यापाशी एक छोटं कोडं किंवा झटापट आहे. सोडून दिला तर रान रिकामं वाटणारच. म्हणजे गेम जे सांगत नाही ते मी सांगतो: तो शोध ऐच्छिक समजू नका. आणि घाई असेल तर आधी तोच उरका, कारण ते प्रकरण मागे पडलं की कथेच्या ओघात तिकडे परत जाता येत नाही.

कोडी मात्र या गेममध्ये खरोखर चांगली आहेत, यावर बहुतेकांचं एकमत दिसतं. एका ठिकाणी मोठमोठे पुतळे हातात परशू घेऊन उभे असतात. तुम्ही एका चौथऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारली की तेही हलतात आणि परशू फिरवतात. उडी मारायच्या आधी प्रत्येक पुतळा पुढच्या वेळी कुठे वळेल ते मनात मांडावं लागतं. चुकलात की गेलात. दुसऱ्या ठिकाणी सावल्यांचं कोडं आहे, मूर्ती फिरवून भिंतीवर चित्र जुळवायचं. उत्तर सापडतं तेव्हा क्लोईच्या आधी आपल्याला सापडल्याचा जो आनंद होतो तो या मालिकेत एरवी कमीच, कारण जरा थांबलं की सोबतचं पात्र लगेच तोंड उघडून उत्तर सांगून टाकतं.

क्लोई आणि नादीन हा गेमचा गाभा आहे. सुरुवातीला दोघी एकमेकींना जेमतेम सहन करतात. नादीनला सगळं शिस्तीत हवं, क्लोई वेळ मारून नेणारी. जीपमध्ये बसून त्या बोलत राहतात आणि हे बोलणं तुम्ही जीप कशी चालवता त्याप्रमाणे तुटतं, पुन्हा जोडलं जातं. मधेच उतरून कुठे चढलात तर परत बसल्यावर ‘हां, तर मी काय म्हणत होते’ करून गाडी पुढे सरकते. पुढे एक हत्ती पडझडीत अडकलेला सापडतो. दोघी त्याला सोडवतात आणि मग त्याच्या पाठीवर बसून पाणी ओलांडतात. तिथे गोळीबार नाही, पळापळ नाही, काहीच नाही. ‘लॉस्ट लेगसी’चं नाव काढलं की लोक आधी त्या हत्तीबद्दल बोलायला लागतात, आणि मी त्यांच्याच बाजूचा.

कमजोर बाजू म्हणजे आसाव. माणूस बोलायला मऊ, वागायला क्रूर, सुरुवातीला जमतो. पण त्याच्याशी हातघाईची मारामारी एकदा होते, दोनदा होते, आणि दर वेळी तेच: सांगितलेलं बटण दाबा, चुकवा, पुन्हा दाबा. शेवटच्या मारामारीला तर ‘अरे आवर आता’ असं मी स्क्रीनला ऐकवलं. गोळीबारात नवीन म्हणजे आवाज न करणारं पिस्तूल आणि पेट्यांची कुलपं उघडायची कला. बाकी सगळं चौथ्या भागाचंच. शेवटी आगगाडीवरचा थरार येतो. दुसऱ्या भागातली आगगाडी ज्यांनी खेळलीय ते नाक मुरडतात, ज्यांनी खेळली नाही ते वेडे होतात. मला विचाराल तर उसनं असलं तरी झकास आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, आपल्याला कसा वाटतो. इथे जरा कान उपटायला हवेत.

हळेबीड आणि बेलूर ही नावं गेममध्ये सरळ घेतलीत. दोन्ही गावं कर्नाटकात, हासन जिल्ह्यात, एकमेकांपासून सोळा-सतरा किलोमीटरवर. हळेबीड म्हणजे होयसळांची राजधानी द्वारसमुद्र, जिच्यावर १३११ मध्ये मलिक काफूर चालून आला. तिथलं होयसळेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं. प्रत्यक्ष जाऊन बघा, दोन्ही गावं उघड्यावर आहेत, खोल दरीत वगैरे नाहीत. आणि होयसळांची सगळी कमाल बारीक कामात. मऊ दगड, त्यात अगदी खालच्या थरात ओळीने हत्ती, वर घोडेस्वार, वेलबुट्टी, बेलूरला खांबांच्या वर मदनिका, त्यांच्या अंगावरचे दागिनेसुद्धा सुटे मोजता येतील असे. २०२३ मध्ये या दोन गावांतल्या देवळांना आणि सोमनाथपूरच्या देवळाला युनेस्कोचा जागतिक वारशाचा मान मिळाला तो या कारागिरीमुळे. गेमने काय केलं? डोंगराएवढे शंकर-गणपती उभे केले, त्यांच्या अंगाखांद्यावर चढायला लावलं आणि सगळं जंगलाने गिळलेलं दाखवलं. बघायला डोळे दिपतात, पण होयसळांपेक्षा ते कंबोडियाकडचं जास्त वाटतं. सह्याद्रीत पावसाळ्यात हिंडणाऱ्याला ते हिरवं रान ओळखीचं वाटेल, देवळं मात्र अजिबात नाही.

क्लोईचे वडील भारतीय होते आणि होयसळांच्या मागे लागूनच त्यांचा जीव गेला, हे या गेममध्ये कळतं. तिला आवाज दिलाय तो क्लॉडिया ब्लॅक या ऑस्ट्रेलियन गोऱ्या अभिनेत्रीने, नादीनला अमेरिकेच्या लॉरा बेलीने, तीही गोरी. नादीनवरून तर चौथ्या भागाच्या वेळीच बरीच टीका झाली होती. दोघींचं काम उत्तम आहे हे खरं, टीकाही रास्तच होती.

पण गणपतीच्या गोष्टीत त्यांनी चूक केलेली नाही. आपल्यापैकी बरेच जण लहानपणी ऐकतात की महाभारत लिहून घेताना लेखणी मोडली म्हणून गणपतीने आपला दात तोडला. गेममध्ये क्लोई दुसरी कथा सांगते, तीही आपलीच. परशुराम शंकराच्या भेटीला येतो, गणपती दारात अडवतो, परशुराम परशू फेकतो. तो परशू शंकरानेच दिलेला. बापाचं शस्त्र वाया जाऊ नये म्हणून गणपती तो वार दातावर घेतो. चिपळूणच्या परशुरामाला जाणाऱ्या कोकणातल्या घरांत ही गोष्ट नवी नाही. ती ऐकून नादीन भुवई उंचावते, तिला हे सगळं खुळचटपणाचं वाटतं. क्लोईला तसं वाटत नाही, कारण बापाच्या नावासाठी स्वतःचं काहीतरी मोडून घेणं ही तिची स्वतःची गोष्ट आहे. परदेशी गेममध्ये आपला देव बहुतेकदा शोभेच्या मूर्तीपुरता येतो. इथे कथेचा कणा त्याच्या कथेवर उभा आहे, म्हणून देवळांच्या बाबतीत चिडूनही मी या गेमवर पूर्ण चिडू शकत नाही. योगायोग असा की अमेरिकेत हा २२ ऑगस्टला आला आणि त्याच आठवड्यात, २५ ला, आपल्याकडे गणपती बसले.

शेवटी व्यवहाराचं. हा पहिलाच अनचार्टेड असेल तरी चालेल, पण आधी चौथा खेळलात तर नादीनचा राग कशाचा आहे ते कळेल, आणि नंतर नेथनचा भाऊ सॅम ड्रेक येतो तेव्हा दोघींच्या चेहऱ्यावरचं हसू-आठ्या दोन्ही कळतील. पीएस ५ किंवा कॉम्प्युटर असेल तर ‘लेगसी ऑफ थीव्ह्ज’ नावाचा संच निघालाय, त्यात चौथा आणि हा दोन्ही आहेत. पीएस ५ वर तो २०२२ च्या जानेवारीत आला, कॉम्प्युटरवर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, या संचात मल्टिप्लेअर नाही, ते पीएस ४ च्या मूळ डिस्कमध्येच आहे. तुमच्याकडे पीएस ४ आहे, त्यामुळे गावातल्या जुन्या डिस्कवाल्याकडे चौकशी करा, बहुतेक चौथा आणि हा दोन्ही मिळून एका नव्या गेमच्या खाली पडतील.

आणि हो, शेवटाला नावं सरकायला लागली की लगेच बंद करू नका.