पथ्य सांभाळून जिभेचे लाड

प्रश्न : कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी दूध, अंडी, मांस सगळे बंद केले. दिवस निभतो, पण रात्रीच्या जेवणानंतर गोड हवेच असे होते. पंधरा दिवसांतून एकदा साधे दुधाचे आइस्क्रीम खाल्ले, तर केलेले सगळे पाण्यात जाईल का?

उत्तर : नाही. एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) एका वाटीवर ठरत नाही; कित्येक आठवडे रोज पोटात काय जाते, त्यावर ठरते. आपण हा आहार प्रकृतीसाठी घेतला आहे, तेव्हा पंधरवड्यातली एक वाटी बिनधास्त खा. (प्राण्यांविषयीच्या भूमिकेतून व्हीगन झालेल्यांचा विचार अर्थातच वेगळा.) नुकसान होते ते दुसऱ्या दिवसापासून, ‘आता मोडलेच आहे तर’ म्हणत आठवडाभर हात सैल सुटला तर. म्हणून वाटीत काढा, डबा फ्रीजरमध्ये परत ठेवा आणि मगच खायला बसा.

तलफ रोजच येत असेल, तर आधी जेवणाच्या ताटाकडे पाहा. दूध, अंडी, मांस गेले की त्यांच्यासोबत प्रथिने आणि उष्मांकही जातात. त्यांच्या जागी नुसती भाजी आणि सॅलड आले, तर पोट तेवढ्यापुरते भरते आणि दोन तासांत पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. दोन्ही जेवणांत वाटीभर शिजवलेली मसूर, हरभरा किंवा सोयाबीन, नाहीतर 100 ग्रॅम घट्ट टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) ठेवा. आठ-दहा दिवसांत फरक कळेल. कडधान्ये एकदम वाढवली तर पोट फुगते. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा आणि भिजवल्याचे पाणी फेकून द्या.

प्रश्न : बिस्किटे, आइस्क्रीम, चीज सगळे ‘व्हीगन’ लिहिलेलेच आणतो. तरी एलडीएल जागचे हलत नाही. असे का?

उत्तर : ‘व्हीगन’ या शब्दावरून पदार्थात प्राणिजन्य काही नाही एवढेच कळते. तो प्रकृतीला कसा, हे पाकिटाच्या मागच्या बाजूला कळते. लोण्याचा घट्टपणा आणायला अशा पदार्थांत बहुधा खोबरेल किंवा पाम तेल घालतात. खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 11-12 ग्रॅम संपृक्त मेद असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार संपृक्त मेदातून दिवसाच्या 10 टक्क्यांहून अधिक उष्मांक येऊ नयेत. 2000 उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे 22 ग्रॅम होते. म्हणजे एका चमच्यात निम्मी मर्यादा संपली. हा मेद एलडीएल वाढवतो, मग तो गायीच्या दुधातला असो वा नारळातला.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिघांत साखर किंवा यांपैकी एखादे तेल दिसले, तर ते पाकीट रोजच्या डब्यात नको. आकडे 100 ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, हेही तपासा. इथेच बहुतेकांची गफलत होते.

मग लाड कशाने करायचे? 70 टक्के कोकोच्या डार्क चॉकलेटचे 20 ग्रॅम हा आमच्या मते सर्वांत चांगला पर्याय. त्यात सुमारे 5 ग्रॅम संपृक्त मेद आणि जवळपास सहा ग्रॅम साखर येते. शिवाय कोको बटरमधल्या मेदाचा मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा असतो आणि ते एलडीएल फारसे वाढवत नाही. नावात बटर असले तरी ते कोकोच्या बियांतलेच, लोण्याशी त्याचा संबंध नाही.

आइस्क्रीम हवे असेल, तर सालीवर तपकिरी ठिपके आलेल्या दोन केळ्यांच्या चकत्या एकमेकींना चिकटू न देता सहा तास गोठवा आणि मिक्सरमध्ये फिरवा. आधी भुगा होतो. तो पाहून पाणी घालू नका, कडा खरवडून पुन्हा फिरवा. दोन-तीन मिनिटांत मऊसूत होते. पाते अडलेच, तर एक चमचा सोया दूध घाला. केळी कच्चट असतील तर तुरट लागते. आणि लगेच खा, कारण मेद नसल्यासारखाच असल्याने पुन्हा गोठवले की दगड होतो.

प्रश्न : टोफूचे चॉकलेट मूस दरवेळी रवाळ होते. काय चुकते?

उत्तर : बहुतेक टोफू थेट फ्रिजमधून काढून वापरत असाल. वितळलेले चॉकलेट थंड टोफूला लागताच कोको बटर गोठते आणि त्याचे कण दाताखाली येतात. 300 ग्रॅम सिल्कन (अगदी मऊ, लुसलुशीत) टोफू तासभर बाहेर ठेवा, पाणी निथळू द्या आणि गुठळी राहणार नाही असा आधी एकटाच फिरवा. मग 150 ग्रॅम वितळलेले, कोमट डार्क चॉकलेट, एक छोटा चमचा व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ घालून मिनिटभर फिरवा. चार तास गार करा. सहा लहान वाट्या होतात, म्हणजे वाटीमागे 25 ग्रॅम चॉकलेट.

रवाळ झालेले फेकू नका. भांडे गरम पाण्यावर धरून कोमट करा आणि पुन्हा फिरवा. चॉकलेट वितळवताना भांडे मात्र कोरडे ठक्क हवे. पाण्याचा थेंब किंवा वाफ गेली की चॉकलेट आवळून गोळा होते. घट्ट टोफू इथे चालत नाही, कितीही फिरवला तरी त्याचा कणीदारपणा जात नाही.

प्रश्न : लेबलवर ‘दुधाचा अंश असू शकतो’ असे असेल तर टाळावे का?

उत्तर : दुधाची ॲलर्जी असेल तर नक्की टाळा. तुमच्यासाठी ती सूचना महत्त्वाची नाही. त्याच यंत्रावर दुधाचे पदार्थही बनतात, एवढाच तिचा अर्थ. व्हे, केसिन, दुधाची भुकटी ही नावे घटकांत असतील, तर मात्र दूध घातलेलेच आहे.

प्रश्न : अधूनमधून दही-आइस्क्रीम खातो. मग बी-12 ची गोळी घ्यायलाच हवी का?

उत्तर : हवीच. प्रौढांची रोजची गरज सुमारे 2.4 मायक्रोग्रॅम आहे. पेलाभर दुधातून त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळते, तेही रोज घेतले तर. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. या आहारात फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्व) भरपूर असल्याने रक्तक्षय झाकला जातो आणि नसांची हानी आतून चालूच राहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन हे औषध घेत असाल तर बी-12 चे शोषण आणखी घटते. डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा ठरवा आणि रक्ततपासणीही करून घ्या.