परदेशात गेलेले लोक घरी पैसे पाठवतात, त्यातून देशाचा विकास होतो की तो पैसा घरं बांधण्यात वाया जातो?

‘वाया’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. माझ्या धाकट्या काकांनी हाच शब्द बाबांच्या तोंडावर वापरला होता.

आमचं गाव खेड तालुक्यात. बाबा कुवेतला वेल्डर होते. रजिस्टरने ड्राफ्ट यायचा, सोबत कधी आवाज भरलेली कॅसेट. आई ती दार लावून ऐकायची. १९८९ च्या दिवाळीनंतर घराचा चौथरा घातला, पावसाआधी जांभ्याच्या भिंती खिडकीच्या वर आल्या. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. बाबा बगदादवरून अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या दोन-अडीच महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं अशी परत आली. बाबांकडे एक रेक्झिनची बॅग होती. तिच्यातले दिनार कुठे बदलून मिळेनात.

पैसा काय करत होता ते तो थांबल्यावर कळलं. गवंडी येऊन विचारून जायचा, ‘वहिनी, काम कधी काढताय?’ चिरेखाणीवरचा ट्रकवाला यायचा. सुताराने चौकटीसाठी कापलेलं फणसाचं लाकूड त्याच्या पडवीत तसंच उभं होतं. घरात घातलेला पैसा या लोकांच्या चुलीपर्यंत जात होता. आणि काका म्हणाले, ‘मातीत घातलास, वाया.’ काकांची रिक्षासुद्धा त्याच पैशाची!

देशाचंही तेच. आखातातून येणारं परकीय चलन आटलं, त्यात तेल महागलं. आधीच डबघाईला आलेल्या तिजोरीला ते झेपलं नाही आणि १९९१ मध्ये सोनं गहाण पडलं. आज भारतात वर्षाला सव्वाशे अब्ज डॉलरहून जास्त येतात, जगात सर्वात जास्त. पण रस्ता, दवाखाना, वीज हे सरकारचं काम. ते नसताना वेल्डरने गावात कारखाना काढावा ही अपेक्षाच चुकीची आहे. आम्हा दोघी बहिणींचं डी.एड. त्या पैशावर झालं. माझ्या लेखी तो विकासच आहे.

हो, आमची भातशेती पडीक पडली, आणि बाबा मला दोन वर्षांतून एकदा दिसायचे. एजंटासाठी कर्ज काढलं तर पहिली दोन वर्षं सावकारच पोसला जातो. नियमाने एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. जास्त मागितले तर देऊ नका.

तुमच्या घरचं कोणी जाणार असेल तर घर खुशाल बांधा. फक्त आधी जागेची वाटणी करून सातबारा वेगळा करून घ्या. आमची जागा सामाईक होती. १९९२ मध्ये बाबा परत कुवेतला गेले, घर पुरं झालं, आणि वास्तुशांत झाल्यावर काकांनी त्या वाया गेलेल्या घरात अर्धा हिस्सा मागितला.