जेलवर बँड दिसत नाही म्हणून एमपीएससीचा क्लास?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हॅलोफेरॅक्स नावाच्या, मिठात राहणाऱ्या जंतूच्या प्रथिनांना लिपिड (मेदासारखा रेणू) कसं चिकटतं, असा प्रोजेक्ट घेतलाय. प्रथिनं वजनानुसार वेगळी होऊन पट्ट्यांसारखी (बँड) दिसतात ते जेलच तीन महिने नीट येत नाही. तिला हे झेपणार नाही. प्रोजेक्ट बदलायला लावून एमपीएससीचा क्लास लावावा का? – एक पालक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात मुलीला काय वाटतं याचं एक वाक्य नाही. मला जेलपेक्षा त्याची काळजी जास्त वाटते. एम.एस्सी.च्या मुलीचा प्रोजेक्ट पालकांनी बदलायचा नसतो. आणि ‘झेपणार नाही’ हे घरात येता-जाता ऐकवत असाल, तर ते आजपासून बंद करा.

जेल बिघडतंय म्हणजे मुलीला येत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे. मृत समुद्रातला हा हॅलोफेरॅक्स व्होल्कॅनाय लिटरला 144 ग्रॅम मीठ घातलेल्या माध्यमात वाढवतात. बाहेरच्या मिठापुढे टिकायला तो पेशीत पोटॅशियम भरून ठेवतो. त्यावर थेट सॅम्पल बफर (जेलवर घालण्याआधी प्रथिनं ज्यात विरघळवतात ते द्रावण) ओतलं की पोटॅशियम आणि त्या बफरमधल्या एसडीएस या साबणासारख्या रसायनाचा पांढरा साका होतो आणि बँड फिसकटतात. पाण्याने धुवायला जावं, तर पेशीच फुटतात. तिला सांगा : 10 टक्के टीसीए (प्रथिनं खाली बसवणारं आम्ल), बर्फात अर्धा तास, सेंट्रिफ्यूज, मग गार 80 टक्के ॲसिटोनने दोनदा धुणं. नंतर निळं सॅम्पल बफर घातल्यावर ते पिवळं पडलं तर आम्ल राहिलंय. किंचित ट्रिस (आम्लता कमी करणारं रसायन) घालून निळं करायचं. ही प्रथिनं आम्लधर्मी असतात, त्यामुळे जेलवर खऱ्या वजनापेक्षा जड दिसतात. त्याने घाबरू नये.

शिवाय हा जिवाणू नव्हे, आर्किया, म्हणजे सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट. प्रथिनाला लिपिड जोडण्याच्या कामातली जिवाणूंची एलजीटी, एलएसपीए ही एन्झाइम्स त्याच्याकडे नाहीत, त्यामुळे एलएसपीए बंद पाडणाऱ्या ग्लोबोमायसिनचा पुस्तकी प्रयोग इथे लागू नाही. लिपिड चिकटतं ते प्रथिनाच्या लिपोबॉक्स या भागातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला; त्याच्या जागी सेरीन घालून ते प्रथिन मूळ प्रथिनाच्या शेजारच्या लेनमध्ये चालवायचं. लिपिड चिकटत असेल या नुसत्या सॉफ्टवेअरच्या अंदाजावर प्रबंध लिहायचा नाही. (बरेच जण लिहितात!)

नेट, गेट शेवटच्या वर्षातही देता येतात. जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं. मिठातल्या जंतूंची म्हणून नोकरी नसते. प्रथिन शुद्ध करता येणारा हात कंपन्यांना लागतो. एमपीएससी तिलाच द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण एम.एस्सी. हातची घालवून नाही.

आत्ता प्रोजेक्ट बदलला तर नवा जंतू वाढवण्यातच सेमिस्टर जाईल. या आठवड्यात तिने बिघडलेल्या जेलचे फोटो घेऊन गाईडना भेटावं. तुम्ही सोबत जाऊ नका.