आधी ती रजा मागे घे

ताई,
मी ३४ वर्षांची. कर्वेनगरला राहते, बँकेत नोकरीला आहे. गेली पाच वर्षं ४३ वर्षांच्या एका मित्राबरोबर आहे. त्याने लग्न केलेलं नाही. देखणा आहे, गप्पिष्ट आहे, आणि त्याचं एकीवर कधीच भागत नाही. पण तो खोटं बोलत नाही. कोण, कुठली, किती दिवस, सगळं मला सांगतो. लग्नाचं वचनही त्याने कधी दिलेलं नाही. परवा आम्ही त्याच्या घरी मायकेल केनचा 'आल्फी' पाहिला. शेवटी आल्फी एकटा पडतो तेव्हा हा एकदम गप्प झाला. आत काहीतरी हललं असावं असं मला वाटलं. अशी माणसं चाळिशीनंतर बदलतात का? मी थांबू का?
ता. क. पुढच्या महिन्यात त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यासाठी मी चार दिवस रजा टाकली आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर बरं.
– एक वाचक, पुणे

अगं, आई कोणाची? आणि रजा कोणी टाकली?

वरचं सगळं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात मला नवीन काही सापडलं नाही. असे देखणे, गप्पिष्ट पुरुष पेठेत होते, कोथरूडला होते, आता बाणेर-बालेवाडीला आहेत. पण ही ता. क. तू अशी लिहिलीस, जशी गॅसवाला कधी येणार ते सांगावं. त्याने रजा घेतली की नाही याबद्दल एक अक्षर नाही. ते तुला खटकलंसुद्धा नाही, आणि माझा राग तिथेच आहे. त्याच्यावर नाही, तुझ्यावर.

त्या दिवशी काय होईल सांगते. काकूंना घेऊन तू सकाळी रिक्षाने दवाखान्यात पोचशील. काउंटरवर फॉर्म मिळेल. त्यात 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना असतो. तिथे काय लिहिणार आहेस? पेन हातात धरून जरा घुटमळशील, मग काहीतरी खरडशील. थोड्या वेळाने आतून सिस्टर येईल आणि म्हणेल, "सूनबाई, आजींच्या बांगड्या काढून ठेवा." तू दुरुस्ती करणार नाहीस. उलट दिवसभर ते कानात घोळत राहील. खरं सांग, ही रजा त्या एका हाकेसाठी आहे ना?

त्या घरात तुझ्यासाठी जागा काढलेलीच नाही. काकू चांगल्या असतील, तुझ्या हातचा चहा त्यांना आवडत असेल, तरी ती जागा त्या देऊ शकत नाहीत. ज्याने द्यायची तो सोफ्यावर बसून सिनेमा बघतोय.

आता सिनेमा तूच काढलास म्हणून. १९६६चा हा सिनेमा मी पुष्कळ वेळा पाहिलाय. (अलका टॉकीजला इंग्रजी सिनेमे लागायचे त्या काळातली मी, सवय जात नाही.) तू शेवट धरून बसलीस. मधली ॲनी आठवते का, जेन ॲशरने केलेली? आल्फीच्या घरी राहायला येते, फरशी घासते, कपडे धुते, त्याला रांधून घालते. आणि एक दिवस तोच तिच्या अंगावर ओरडून तिला घालवतो. नंतर त्याला चुटपुट लागते. लागू दे! ॲनीला त्याचं काय?

हा गप्प झाला म्हणून तू हुरळलीस. अगं, आल्फी तर त्या सिनेमात चक्क रडतो. आणि रडून झाल्यावर? फुलं घेऊन रूबी नावाच्या दुसऱ्या बाईकडे जातो. तिच्याकडे आधीच दुसरा, याच्याहून तरुण माणूस असतो. मायकेल केनला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन होतं, त्याला बघून भलेभले गप्प होतात. तुझ्या मित्राच्या गप्प बसण्याचं श्रेय निम्मं तरी त्याला दे.

आणि 'सगळं मला सांगतो' हे कौतुकाने लिहू नकोस. आल्फीही सगळं सांगतो, कॅमेऱ्याकडे वळून, आपल्याला. बाई शेजारीच असते, तिला ते ऐकू जात नाही. तुमच्या घरात तो कॅमेरा तू झालीस. बाकीच्या तिघी-चौघींना जे ऐकावं लागत नाही ते तू पाच वर्षं ऐकून घेतलंस, आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणतेस.

म्हणून सोमवारी ऑफिसला गेलीस की पहिल्यांदा ती रजा मागे घे. काकूंचं कसं होईल, ही काळजी तू करू नकोस. ऑपरेशन साधारण पंधरा-वीस मिनिटांचं असतं, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. खरं काम नंतर. दिवसातून चार-सहा वेळा थेंब, एका बाटलीनंतर दुसरी घालायला पाच-दहा मिनिटं थांबायचं, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री झोपताना डोळ्यावर ती प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीने लावायची. हे चार दिवसांत संपत नाही, चांगलं महिनाभर चालतं. म्हणजे तुझी चार दिवसांची रजा ही नुसती सुरुवात होती. खालची पापणी ओढून एक थेंब सोडणं ४३ वर्षांच्या धडधाकट माणसाला जमतं. नाही जमलं तर डॉक्टर शिकवतात.

अशी माणसं बदलतात का, हे मी सांगत बसत नाही. आईला दवाखान्यात न्यायचा दिवस त्याच्यावर आला की तो काय करतो ते बघ. आठ दिवस पुरतील.

फक्त क्रम चुकवू नकोस. त्याला आधी सांगितलंस तर तो हसेल, तुझा हात धरेल, एखादा नवा किस्सा सांगेल आणि रजा होती तिथेच राहील. आधी काकूंना फोन कर. म्हणावं, "काकू, मला सुट्टी मिळत नाहीये, त्या दिवशी तुमचा मुलगा येईल तुमच्याबरोबर." त्या खूश होतील बघ. मग त्याला मेसेज टाक. तारीख, दवाखान्याची वेळ, आणि रिकाम्या पोटी न्यायचं की खाऊन ते डॉक्टरांना विचारून घे, असं. बस, एवढंच.