पानावरचा कोळी 'नवा' कसा ठरतो?

या वेळी कोळ्यांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. कोळी म्हणजे माळ्यावर जाळं विणणारा नव्हे. पानाचा रस शोषणारा, भिंगाशिवाय नीट न दिसणारा माइट. कानडीत त्याला 'नुसी' म्हणतात, आणि नारळाच्या रोगामुळे हा शब्द आपल्याकडच्या मराठी शेतकऱ्यांच्या तोंडीही ऐकू येतो.

सर, वांग्याच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके पडलेत, खालून जाळी झालीय. कीटकनाशक तीनदा मारलं, उलट वाढलंच. ही कुठली नवी जात आलीय काय? (शेतकरी, कडोली)

नवी जात असण्याची शक्यता फार कमी. वांगी, भेंडी, चवळीवर अशी जाळी करणारा कोळी बहुधा टेट्रानिकस या वंशातला असतो. त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध जातीला, म्हणजे टेट्रानिकस अर्टिकीला, कोख यांनी १८३६ सालीच नाव दिलं. या वंशातल्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात. जात पक्की करायची तर नर हवा, तोही काचपट्टीवर बरोबर कुशीवर निजवलेला. त्याच्या जननेंद्रियाच्या टोकाचा बाक पाहूनच खात्रीनं सांगता येतं. त्यामुळे फोटोवरून मी नाव सांगणार नाही.

तीन फवारण्यांनंतर वाढला, याचं कारण साधं आहे. कोळी कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. कीटकांवरची अनेक औषधं त्याला लागत नाहीत, पण त्याला खाणारे भक्षक कोळी आणि ढालकिडे मात्र त्या औषधांनी मरतात. उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला साधारण दहा दिवस पुरतात. पुढची फवारणी थांबवा. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालताना दिसले तर ते पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.

आमच्या शाळेमागच्या करंजाच्या पानांवर बोटांसारख्या गाठी आल्या आहेत. मुलांना 'नवीन जात' शोधायची आहे. कुठून सुरुवात करावी? (शिक्षिका, जांबोटी)

बाई, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. करंजाच्या या गाठींचा कर्ता माहीत आहे, त्याला एसेरिया पोंगामी असं नाव आहे. तरी सुरुवात इथूनच करा. एक गाठ ब्लेडनं उभी चिरा. आत पांढुरकी लव दिसेल आणि पानाच्या खालच्या अंगाला गाठीचं बारीक तोंड सापडेल. लवेमध्ये दहापट भिंगातून फिकट, गाजरासारखे निमुळते तुकडे सरकताना दिसतील. त्यांची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी. हे एरिओफिड गटातले कोळी. आठ पायांचा नियम यांनी मोडला आहे. त्यांना पाय फक्त चार, तेही पुढच्या बाजूला. डोळे नाहीत.

मुलांना पहिली सवय लावा ती झाडाची नोंद करण्याची. एरिओफिड बहुतेक एकाच झाडाला किंवा त्याच्या सख्ख्या भावकीला धरून राहतात. झाड चुकलं की पुढची सगळी तुलना चुकीच्या यादीशी होते. मी नवखा असताना कणकुंबीच्या बाजूला एका झाडावरून नमुने घेतले आणि वहीत नुसतं 'जांभूळ' लिहिलं. आपल्या घाटात जांभळाच्या वंशातल्या कितीतरी जाती आहेत. पुढच्या वर्षी फुलाची फांदी आणायला गेलो, तर रस्त्यासाठी झाड तोडलेलं. कोळी निराळा वाटत होता, पण त्या काचपट्ट्या आजही पेटीत बिननावाच्या पडून आहेत. म्हणून फुला-फळाची फांदी दाबून ठेवायची, तारीख, गाव आणि उंची लिहायची, पानांचे तुकडे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे. ही कामं त्याच दिवशी. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नका.

एम.एस्सी. करतोय. नव्या जातीचं वर्णन म्हणजे प्रत्यक्षात काय काय करावं लागतं? डीएनए पाहिला की पुरत नाही का? (विद्यार्थी, बेळगाव)

कोळी सापडणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. आधी लॅक्टिक आम्लात त्याचं अंग पारदर्शक करायचं, मग हॉयरच्या माध्यमात, म्हणजे नमुना धरून ठेवणाऱ्या चिकट द्रावात, काचपट्टीवर बसवायचं. काही पाठीवर, काही पोटावर, काही कुशीवर. मंद उबेत आठवडे-दोन आठवडे वाळवायचं. हे माध्यम हवेतला ओलावा ओढतं, म्हणून कडा नेलपॉलिशनं बंद करायच्या. आपल्या जुलैच्या हवेत हे विसरलात तर गणपतीपर्यंत पट्टी ओघळते.

मग हजारपट मोठं करून बघायचं. पाठीच्या पुढच्या ढालीवर रेषा कशा आहेत? अंगावर वळी किती? केसांची लांबी काय? पायाच्या टोकाला पिसासारखी नखी असते, तिला काटे किती जोड्या? प्रत्येक माप मायक्रोमीटरमध्ये घ्यायचं आणि अनेक नमुन्यांचं घ्यायचं. एका नमुन्यावर विसंबू नये, कारण काही एरिओफिडांत माद्यांची दोन रूपं असतात. अशी दोन रूपं दोन जाती समजून त्यांना वेगवेगळी नावं दिल्याचीही उदाहरणं आहेत.

सगळ्यात जास्त वेळ तुलनेला लागतो. त्या वंशातली प्रत्येक जुनी जात कशी वेगळी, हे एकेक करून दाखवावं लागतं. फरक शब्दांत सांगितलाच पाहिजे, असं प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता म्हणते. डीएनए जोडीला उत्तम, पण तो या शब्दांची जागा घेत नाही. (संहिता भाषेची सक्ती करत नाही. वर्णन मराठीत छापलं तरी नाव वैध ठरू शकतं. फक्त नाव रोमन लिपीत हवं.) एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार, म्हणून ठरवायचा आणि तो कुठे ठेवला ते लिहायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तो नेमलेल्या संग्रहात जमा करणं बंधनकारक आहे. घरच्या कपाटातला होलोटाइप संशोधनाला निरुपयोगी असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव 'बेलगाम'वरून द्यावं की 'बेळगावी'वरून? आजोबांचं देता येईल का? (वाचक, खानापूर)

दोन्ही चालेल. एकदा छापलं की गावाचं नाव बदललं तरी जातीचं बदलत नाही. आजोबांचंही देता येतं, स्वतःचं देणं मात्र शिष्टसंमत नाही. तुम्ही खानापूरचे आहात म्हणून सांगतो, नावापेक्षाही टिकतं ते मूळ स्थळ, म्हणजे होलोटाइप जिथे सापडला ती जागा. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाचं वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली केलं. जगात कुठेही त्या जातीवर काम करणाऱ्याला आजही तुमच्या तालुक्यातली ती गुहा लिहावी लागते.

बारीकसारीक कोळ्यांना नावं देऊन शेतकऱ्याला काय मिळतं? (ऊस व तूर उत्पादक, अथणी)

तुमच्या तुरीचंच पाहा. झाड हिरवंगार, पानं बारीक आणि पिवळट चट्ट्यांची, पण फूल नाही, शेंग नाही. हा वांझ रोग १९३१ सालापासून नोंदलेला आहे. तो पसरवणाऱ्या कोळ्याला १९६६ साली चन्नबसवण्णा यांनी एसेरिया कजानी हे नाव दिलं. हा कोळी गाठ करत नाही, जाळी करत नाही, पानाखाली असूनही झाडाला स्वतः फारशी इजा करत नाही. इजा करतो तो त्याच्यासोबत येणारा विषाणू. कोळी ओळखता आला, तेव्हाच तो तूर आणि तिच्या काही रानटी भावंडांशिवाय फारसा कुठे राहत नाही हे कळलं. मग रोग हंगामांच्या मधल्या काळात कुठे दडतो तेही उमगलं: गेल्या वर्षीच्या, तोडायच्या राहून गेलेल्या, पुन्हा फुटलेल्या तुरीवर. वारा तिथूनच कोळी नव्या पिकावर आणून टाकतो. पेरणीआधी बांधावरची ती चार झाडं मुळासकट काढा, आणि नव्या पिकात वांझ झाड दिसलं की तेही लगेच उपटा.